स्वभावाच्या रकान्यातला एक शब्द

आजवर माझ्याबद्दल जे काही वाईट बोललं गेलं, ते आपल्या भाषेत बोललं गेलं. त्यामुळे अर्थ लगेच कळायचा आणि लगेच वाईट वाटून घेऊन मी मोकळा व्हायचो. इंग्रजीतून बोललं गेलं की पंचाईत होते. आधी अर्थ शोधायचा, मग वाईट वाटून घ्यायचं. आणि अर्थ सापडेपर्यंत चेहरा हसरा ठेवायचा की पडलेला, हे ठरवता येत नाही. माझ्या बाबतीत हा काळ एक्केचाळीस दिवसांचा होता. एक्केचाळीस दिवस अर्धवट चेहरा घेऊन वावरणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

मी शहर बससेवेच्या हरवले-सापडले विभागात आहे. लोक बसमध्ये जे विसरतात ते डेपोतून माझ्याकडे येतं. मी वहीत नोंद करतो, वस्तूला चिठ्ठी बांधतो, फळीवर ठेवतो आणि मालक आला की ओळख पटवून, सही घेऊन, परत करतो. बावीस वर्षं हेच. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट. एकदा कवळी आली होती. मालक आले तेव्हा मी नियमाप्रमाणे म्हणालो, "ओळख पटवा." त्यांनी ती तिथेच तोंडात बसवली आणि इतकं स्वच्छ "झालं समाधान?" म्हणाले, की मी उभा राहून सही घेतली. सांगायचा मुद्दा, या कामात आरडाओरड्याला वाव नाही. हरवलेली वस्तू परत मिळालेला माणूस भांडत नाही, आणि ज्याची मिळत नाही तो स्वतःवरच चिडलेला असतो.

तर यंदा नवा नियम निघाला. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या गोपनीय अहवालाची प्रत द्यायची. मग तो गोपनीय कसा, हे कुणी विचारलं नाही. पाकीट आलं. आत अकरा रकाने. हजेरी : गुड. अक्षर : गुड. टेबलाची स्वच्छता : गुड. असे गुड गुड करत मी सातव्या रकान्यापर्यंत उतरलो. स्वभाव. त्यापुढे आमच्या साहेबांच्या तिरप्या अक्षरात एकच शब्द होता : अ‍ॅग्रेसिव्ह.

या शब्दाशी माझी ओळख एकाच ठिकाणची. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बंगला आहे. त्याच्या फाटकावर पाटी आहे, 'अ‍ॅग्रेसिव्ह डॉग', आणि खाली नुसत्या दातांचं चित्र. बारा वर्षं मी तो बंगला टाळून लांबच्या रस्त्याने घरी येतोय. आणि तोच शब्द आता माझ्या स्वभावापुढे!

घरी जाऊन बायकोला कागद दाखवला. तिने वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि खुर्चीत बसली. मला वाटलं, धक्का बसला. तर ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत. पाच मिनिटांनी आवाजही यायला लागला.

"तुम्ही?" ती डोळे पुसत म्हणाली. "अहो, परवा न्हाणीघरात झुरळ निघालं तेव्हा तुम्ही त्याला 'जा बाबा' म्हणालात. मी ऐकलंय."

"म्हणून काय झालं? गेलं ना ते?"

"मी आल्यावर गेलं!" असं म्हणून तिने तिच्या बहिणीला फोन लावला. फोनच्या पलीकडूनही मला हसणं ऐकू आलं. मी गंभीर चेहऱ्याने बूट काढत बसलो. बायको आपल्याला घाबरत नाही हे प्रत्येक नवऱ्याला माहीत असतं, पण त्याची अशी जाहीर वाच्यता होऊ नये.

मुलगी एका जाहिरात कंपनीत आहे. ती आली आणि कागद बघून तिने माझा हातच हातात घेतला. "बाबा, ग्रेट! अ‍ॅग्रेसिव्ह म्हणजे कौतुक असतं. आमच्याकडे नोकरीच्या जाहिरातीतच छापतात, अ‍ॅग्रेसिव्ह माणसं पाहिजेत म्हणून."

"मग कुत्र्याच्या पाटीवर का छापतात?"

ती विचारात पडली. "तेही कौतुकच असेल. मालकाच्या बाजूने बघा ना."

आता यात थट्टेचा भाग सोडला तर गोष्ट साधी नव्हती. आमच्या विभागातली मुख्य लिपिकाची जागा त्याच महिन्यात रिकामी होत होती. दावेदार दोन. मी आणि पास विभागातला एकजण, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. माझ्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. ही जागा हुकली तर मी ज्या स्टुलावर बसलो त्याच स्टुलावरून घरी जाणार, हे नक्की. स्टूल म्हणतोय ते खरंच स्टूल आहे. पाठ टेकायची खुर्ची मुख्य लिपिकाला असते.

तेव्हा मी ठरवलं, शब्दाचा अर्थ लावायचा. एका शब्दाचा अर्थ, वेळ लागून लागून किती लागणार?

इमारतीत बातमी बायकोने पोचवलीच होती. तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी मला जिन्यातच मिठी मारली. "अभिनंदन! आमच्या कंपनीत या शेऱ्यासाठी माणसं तीन तीन वर्षं धडपडतात. मला काय मिळालंय सांगू? स्टेडी. स्टेडी म्हणजे घरी बसा." त्यांच्या डोळ्यांत खरोखर हेवा होता. आयुष्यात माझा कुणी हेवा केल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी ती मिठी थोडी लांबू दिली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त फौजी राहतात. ते म्हणाले, "तीस वर्षं फौजेत काढली. अ‍ॅग्रेसर, म्हणजे आधी चाल करून येणारा, हा नेहमी पलीकडचा असतो. आपल्या बाजूला एकही नव्हता. तुमच्या साहेबाने तुम्हाला पलीकडचा ठरवलंय. सांभाळून राहा."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मी खोकल्यासाठी गेलो होतो, तिथेही विषय काढला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अ‍ॅग्रेसिव्ह लिहिलंय? नेमकं कुठे आहे?"

"सातव्या रकान्यात."

"रिपोर्ट आणलाय?"

मी गोपनीय अहवाल दिला. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि थोड्या वेळाने खोकल्याचं औषध लिहून दिलं. निघताना म्हणाले, "काळजी नको, वेळेत कळलंय." कुणाला काय कळलं ते मी विचारलं नाही.

शेवटचा आधार ग्रामरसर. पहिल्या मजल्यावर राहतात, उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. त्यांना शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे नळ सोडून बादली शोधायला जाणं. आपण परत येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलेलं असतं. सर म्हणाले, "बेलिजरंट लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, सरळ कोर्टात जा. बेलिजरंट म्हणजे जो भांडणाच्या शोधात घराबाहेर पडतो. पग्नेशस असता, तर जिभेच्या आधी तुमची मूठ वळली असती. ट्रक्युलंट म्हणजे नुसता गुरकावणारा. अ‍ॅग्रेसिव्हमध्ये मात्र वाव आहे. शब्द एकच, पण विक्रेत्याला लावला की बढती आणि नवऱ्याला लावला की घटस्फोट. तुम्हाला कुठल्या अर्थाने लावलाय?"

"तेच तर विचारायला आलोय."

"ते लिहिणाऱ्याला विचारा."

लिहिणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. आमचे साहेब अहवालांवर सह्या करून दुसऱ्या दिवशीच दूरच्या एका डेपोवर बदलून गेले होते. मी तीनदा फोन केला. "मी हरवले-सापडलेमधून बोलतोय," एवढं म्हटलं की लाइन तुटायची. दूरचा डेपो, लाइन खराब असणार, असं मी धरून चाललो.

म्हणून आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या बाईंना सगळे आस्थापनाबाई म्हणतात. नियम त्यांना तोंडपाठ असतात आणि माणसं कागद बघूनसुद्धा आठवत नाहीत.

"शेरा अनुकूल असेल तर अपील करता येत नाही," त्या म्हणाल्या. "प्रतिकूल असेल तर पंधरा दिवसांत करावं लागतं. तुमचा कुठला?"

"तेच कळत नाहीये. तुम्ही सांगा."

"आम्ही शेऱ्याचा अर्थ लावत नाही. अर्थ कर्मचाऱ्याने लावायचा आणि त्याप्रमाणे फॉर्म घ्यायचा. अनुकूलला फॉर्म नाही. प्रतिकूलचा पिवळा."

"पण मी पिवळा भरला आणि शेरा अनुकूल निघाला तर?"

"तर चांगल्या शेऱ्याविरुद्ध तक्रार केली म्हणून तुमच्यावर शेरा येईल. तो मात्र प्रतिकूल असेल. त्याचाही फॉर्म पिवळाच." त्यांनी दोन पिवळे फॉर्म पुढे सरकवले. "आणि शेरा ज्या भाषेत, अर्ज त्याच भाषेत. तुमचा इंग्रजीत. सोबत दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांची पत्रं जोडा."

शेजाऱ्यांची पत्रं लगेच मिळाली. फौजींनी लिहिलं, 'यांच्याकडून गेल्या दहा वर्षांत कुठलीही हालचाल झालेली नाही.' विमावाल्यांनी लिहिलं, 'दुर्दैवाने हे अ‍ॅग्रेसिव्ह नाहीत.' दुर्दैवाने हा शब्द काढा म्हणून मी विनवलं, पण ते म्हणाले, मी मनाविरुद्ध लिहीत नाही.

राहिला अर्ज. तो मी चौदाव्या दिवशी स्वतः लिहिला आणि तपासून घ्यायला ग्रामरसरांकडे गेलो. त्याच सकाळी त्यांची दाढ काढलेली. तोंडात कापसाचा बोळा, गालाला रुमाल. बोलता येत नव्हतं. मी एकेक वाक्य वाचत गेलो आणि सर डोळे मिटून जोरजोरात मान हलवत गेले. इतकी भरघोस संमती मला शाळेतसुद्धा कधी मिळाली नव्हती. एका वाक्याला तर त्यांनी टेबलावर हात आपटला. मी ते वाक्य अधोरेखित केलं.

अर्जाची सुरुवात मी मन दुखावल्यापासून केली होती. एक्स्पेन्सचं एक्स्पेन्सिव्ह होतं, डिफेन्सचं डिफेन्सिव्ह होतं, तेव्हा ज्याच्या मनाला ऑफेन्स लागला तो ऑफेन्सिव्ह, हे उघड आहे. म्हणून लिहिलं : आय अ‍ॅम डीपली ऑफेन्सिव्ह. पुढे, या शेऱ्याने मला धमकावल्यासारखं वाटतं, या अर्थी : आय फील व्हेरी थ्रेटनिंग. बायको-मुलीसमोर झालेल्या अपमानासाठी इन्सल्ट आणि असॉल्ट असे दोन शब्द आठवले. अपमान मोठा होता, म्हणून वजनदार शब्द घेतला. मग पूर्वीच्या चांगल्या वागणुकीचा दाखला. घर लांब असल्यामुळे कॉलेजची चार वर्षं मी हॉस्टेलवर काढली, रेक्टर माझ्यावर खूश होते. तेव्हा : आय वॉज हॉस्टाइल फॉर फोर इयर्स अँड द रेक्टर वॉज व्हेरी हॅपी. मग जोडपत्रांचा उल्लेख : आय हॅव अ‍ॅटॅक्ड टू रिस्पेक्टेबल नेबर्स. ऑन डिमांड आय विल अ‍ॅटॅक मोअर. आणि शेवटी, भेटायला केव्हाही बोलवा, कामाची वेळ संपल्यावर मी रोज मोकळा असतो, या भावनेने : आय विल वेट फॉर यू आउटसाइड युअर ऑफिस, एव्हरी डे आफ्टर फाइव्ह.

अर्ज दिला आणि हलका होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीबाहेर एक सुरक्षारक्षक बसलेला. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा, मनाने गरीब. मी विचारलं, "कुणासाठी?" तो उभा राहून म्हणाला, "तुमच्यासाठी, साहेब." मला भरून आलं. बावीस वर्षांत माझ्या छत्र्यांची कुणाला काळजी वाटली नव्हती.

मग गंमतच सुरू झाली. माझा पंखा सहा वर्षं बंद होता. सहा अर्ज दिले होते. तो त्या दुपारी दोन माणसं येऊन दुरुस्त करून गेली, आणि जाताना "आता बरं वाटतंय ना, साहेब?" असं दारातून विचारून गेली. चहा गरम यायला लागला. मी जिन्यात दिसलो की माणसं भिंतीला पाठ लावून वाट द्यायची. गोडबोल्या एकदा समोर आला. "दादा, ती जागा तुम्हीच घ्या. मला पास विभागच मानवतो," असं म्हणून माघारी वळला आणि चुकून पुरुषांऐवजी बायकांच्या प्रसाधनगृहात शिरला. तिथून आलेल्या किंकाळ्यांचं खापरही माझ्यावर फुटलं, हे मला नंतर कळलं.

खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटत होतं. घरी मी जरा खर्जात बोलू लागलो. बायकोने तिसऱ्या दिवशी काढा करून दिला.

मग पत्र आलं. 'आपल्या हिंसक अर्जासंदर्भात आपल्यावर कारवाई का करू नये' याची विचारणा करायला समिती नेमली होती. मी ते पत्र घेऊन ग्रामरसरांकडे धावलो. त्यांच्या दाढेची जखम भरली होती. त्यांनी अर्जाची प्रत वाचली आणि पुन्हा दाढ काढल्यासारखा चेहरा केला.

"हे तुम्ही मला वाचून दाखवलंत?"

"सर, तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवलीत!"

"अहो, कळ येत होती! तुमच्या इंग्रजीने की दाढेने, ते मला अजून सांगता येणार नाही." मग त्यांनी शांतपणे मला माझ्याच अर्जाचा अर्थ सांगितला. ऑफेन्स ज्याला लागतो तो ऑफेंडेड. जो दुसऱ्याला लावतो तो ऑफेन्सिव्ह. धमकी ज्याला मिळते तो थ्रेटन्ड. मी लिहिलं होतं की मी धमकीवजा आहे. असॉल्ट म्हणजे अंगावर हात टाकणं. हॉस्टाइल म्हणजे शत्रुत्वाने वागणारा, म्हणजे चार वर्षं मी शत्रुत्वाने वागलो आणि रेक्टर खूश होते. जोडणे म्हणजे अटॅच. मी दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांवर हल्ला केल्याचं कबूल करून मागणीनुसार आणखी हल्ल्यांची तयारी दाखवली होती. आणि पाचनंतर रोज बाहेर वाट बघणार होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. माझा शर्ट काढून इस्त्री करायला घेतला आणि इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "समितीत कोण कोण आहे? मी येते आणि सांगते त्यांना झुरळाचं." ती मनापासून म्हणत होती. मी "नको" म्हणालो, पण इस्त्री होईपर्यंत तिच्या शेजारीच उभा राहिलो.

सरांना साक्षीदार म्हणून नेलं. समितीत तिघे. अध्यक्ष हे निवृत्त मोठे अधिकारी, स्वतःच्या इंग्रजीचा फार अभिमान. शेजारी समुपदेशक बाई, वही उघडून माझ्या हातांकडे बघत बसलेल्या. तिसऱ्या आस्थापनाबाई, चिटणीस म्हणून. दारात माझा सुरक्षारक्षक.

सरांनी वाक्यावाक्याचा खुलासा केला. हॉस्टेलपाशी समुपदेशक बाई हसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात अध्यक्ष घड्याळ बघत इंग्रजीत म्हणाले की हा सगळा प्रकार मला फार अ‍ॅग्रव्हेट करतो आहे.

"इरिटेट," सर म्हणाले.

"काय?"

"आजार अ‍ॅग्रव्हेट होतो. जखम अ‍ॅग्रव्हेट होते. म्हणजे चिघळते. माणूस इरिटेट होतो."

"मी चाळीस वर्षं असंच वापरतोय."

"चाळीस वर्षं चुकताय."

मी सरांच्या बाहीला हात लावला. सरांनी हात झटकला. अध्यक्ष म्हणाले, लोक बोलतात तीच भाषा. सर म्हणाले, मग यांच्या अर्जात काय चूक आहे, यांनाही बढती द्या. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही समितीचा अपमान करताय. सर म्हणाले, इन्सल्ट की असॉल्ट, ते स्पष्ट करा. आणि त्यांनी पिशवीतून जाडजूड शब्दकोश काढून टेबलावर असा आपटला, की पाण्याचा तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी अध्यक्षांच्या मांडीवर गेलं. अध्यक्ष ओरडून उठले. सर उठले. दोघांनी शब्दकोशाला दोन बाजूंनी धरलं. एकाला तो उघडायचा होता आणि दुसऱ्याला मिटायचा होता.

सुरक्षारक्षक धावत आत आला आणि मधोमध थबकला. त्याला मला धरायला सांगितलं होतं, आणि मी तर खाली वाकून फडक्याने फरशी पुसत होतो.

"कुणाला धरू?" त्याने आस्थापनाबाईंना विचारलं.

"नियमात फक्त कर्मचाऱ्याचा उल्लेख आहे," त्या म्हणाल्या.

शेवटी मीच उठलो. सरांना खुर्चीत बसवलं, अध्यक्षांना माझा इस्त्रीचा रुमाल दिला, शब्दकोश पुसून समुपदेशक बाईंकडे ठेवायला दिला. बाईंच्या वहीतलं मला उलटं वाचता आलं : 'कर्मचारी – शांत. पाणी पुसतो.'

मग समुपदेशक बाई म्हणाल्या, "ज्यांनी शेरा लिहिला त्यांनाच का विचारत नाही?" सगळ्यांना हे इतकं सोपं वाटलं, की सगळे एकमेकांवर नाराज झाले. अध्यक्षांनी साहेबांना फोन लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा ठेवला. लाइन उत्तम होती.

"हरवले-सापडले?" साहेब म्हणाले. "तो माणूस तिथे बसलाय का?"

"बसलाय."

"मग त्याच्यासमोरच सांगतो. माझ्या सासूबाईंनी मला एक स्वेटर विणून दिला. हिरवा. पोटावर अननस. मी तो बसमध्ये सोडला. विसरलो नाही. सोडला. कॉलरच्या आत त्यांनी माझं नाव धाग्याने भरलंय, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हा गृहस्थ तो घेऊन माझ्या दारात. सही घेतली. सासूबाईंच्या देखत."

मला आठवलं. मला वाटलं होतं, साहेब आनंदाने गप्प झालेत.

"पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मार्गाच्या बसमध्ये सोडला. हा पुन्हा हजर. तिसऱ्या वेळी मी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन सीटखाली कोंबला. हा रविवारी आला! सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने! चौथ्या वेळी याने मला वस्तू जपून कशा वापराव्यात याची छापील पत्रिका दिली. मी त्याचा वरिष्ठ आहे! मी आता तुम्हालाच विचारतो, अशा माणसाच्या स्वभावापुढे काय लिहायचं?"

सर हळूच म्हणाले, "टिनेशस. म्हणजे चिवट." अध्यक्ष म्हणाले, "पर्सिस्टंट." दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण शब्दकोश बाईंकडे होता.

"नाही," फोनमधून साहेब म्हणाले. "मी विचार करूनच लिहिलंय."

समितीने निकाल दिला, की शेरा वस्तुस्थितीला धरून आहे, सबब तो कायम राहील. मात्र वस्तुस्थिती खात्याच्या हिताची असल्याने तो अनुकूल समजावा. आस्थापनाबाईंनी माझा उरलेला पिवळा फॉर्म परत मागून घेतला. महिन्याभराने मला मुख्य लिपिकाची जागा मिळाली. समितीच्या निकालाचा त्यात किती वाटा होता देव जाणे. गोडबोल्याच्या सातव्या रकान्यात साहेबांनी, बहुधा थकून, नुसतं 'मॅन' एवढंच लिहिलं होतं, आणि तेवढी पात्रता पुरेशी नाही असं वरच्यांचं मत पडलं. पाठ टेकायची खुर्ची आली. बायको येऊन बघून गेली. जरा टेकून दाखवा, म्हणाली. दाखवलं.

सुरक्षारक्षकाला परत बोलावायचं राहून गेलं. तो अजून माझ्याकडेच आहे आणि चिठ्ठ्या बांधायला मदत करतो.

मागच्या आठवड्यात दूरच्या डेपोतून पोतं आलं. दोन छत्र्या, एक डबा आणि तळाशी, व्यवस्थित घडी घातलेला, हिरवा स्वेटर. पोटावर अननस. कॉलरच्या आतलं नाव ब्लेडने उसवून काढलेलं. मी तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो. विणकाम काय सुरेख होतं! आणि उसवणाऱ्यानेही किती जपून, एकेक टाका काढला होता. वाटलं, बहुधा माझ्यापासूनच सुटायला इतक्या लांब बदली मागून गेलेला माणूस.

वही उघडली. वस्तू : स्वेटर. रंग : हिरवा. मग पेन 'मालक' या रकान्यापाशी अडलं.

रक्षक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "साहेब, धागा काढला तरी सुईची भोकं राहिलीत की. नाव सरळ वाचता येतंय."

"मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही," मी म्हणालो.

"चष्मा डोळ्यांवरच आहे, साहेब."

"मग काढतो," मी म्हणालो. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अंदाजाने, रकान्याच्या जरा बाहेर, लिहिलं : अज्ञात.